पाळी

पेठ नाक्याला पिठाच्या गिरणीवर निकम सरांचा क्लास.
तीन कॉम्प्युटर, त्यातला एकच रंगीत.
कीबोर्डवर बाजरीच्या पिठाचा पातळ थर,
बोट उचललं की तेवढंच अक्षर उजळायचं.

गेम सरांनी 'पगारपत्रक-२' नावाच्या फोल्डरात लपवलेला.
वाल्मीक पगारला वाटलं, आपल्याच घराण्याचं काही असेल,
म्हणून त्याने उघडला.

आत किल्ला.
मनोरे आइस्क्रीमच्या पालथ्या कोनासारखे,
खंदकात निळं पाणी, जे कधी हलायचं नाही,
तटावर तांदळाच्या कणीएवढे भालेकरी,
आणि जंगलात हिरवे, सुळेवाले, बिनपगारी.

माणसं दोन, माऊस एक.
म्हणून नियम: एकाची चाल चालू असताना
दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं.
भिंतीवर टायपिंगचा तक्ता होता.
तो मला अजून पाठ आहे.
वाल्मीकचे सगळे सुरुंग मी डाव्या करंगळीकडे बघत ऐकले,
क्लिक, क्लिक,
आणि मध्येच त्याचं ते नाकातलं हसू.

"पाळी माझी!" असं ओरडत मी जिना चढायचे.
एकदा खाली आई दळणाचा डबा घेऊन उभी.
घरी आल्यावर म्हणाली, हा शब्द असा नाक्यावर ओरडायचा नसतो गं.
बाबांची पाळी मात्र अख्ख्या आळीला ठाऊक होती,
सातपूरला, पहिली, दुसरी, तिसरी.

गच्चीवरून उत्तरेला रामशेज दिसायचा,
बसलेल्या म्हशीसारखा,
त्याच्याकडे बघून कुणी घाबरावं असं काही नाही.
आपले गड असे नसतात, वाल्मीक म्हणाला,
आणि सुट्टीत तो गेममध्ये रामशेज बांधायला बसला.
डोंगर मिळेना.
गेमच्या लेखी डोंगर म्हणजे राखाडी चौकोन, ज्यावर कुणी चढत नाही.
कातळातल्या पायऱ्या मिळेनात. टाकं मिळेना.
चारी बाजूंनी तट नाही
तर गेम म्हणे, हा किल्लाच नव्हे.
"अरे, पण पाण्याशिवाय लढायचं कसं?"
हे तो मला नाही, कॉम्प्युटरला विचारत होता.

मे महिन्यात त्याच्या वडिलांच्या कंपनीला टाळं लागलं.
फाटकाबाहेर मंडप, सतरंज्या, पाण्याचं पिंप.
वेढा बाहेरच्यांनी घातलेला,
आणि उपाशी बाहेरचेच.
गेममध्ये शेतं जाळली की आतली माणसं खंगतात.
वेढा घालणाऱ्याची भूक मोजायची सोय
त्यात कुणी केलेली नव्हती.

शेवटच्या दिवशी तो म्हणाला, सेव्ह कर, उरलेलं उद्या.
फ्लॉपीवर नाव लिहिलं: वा.प. विरुद्ध मी.
उद्या ते लोक वापीला गेले, मामाकडे,
पेठ रस्त्यानेच, पहाटेच्या एस.टी.ने.

परवा महात्मा गांधी रोडवर एका दुरुस्तीवाल्याने
ती फ्लॉपी वाचून दिली. दोनशे रुपये घेतले,
बुरशी पुसायचे वेगळे पन्नास.
घरी येऊन उघडली.
पडदा म्हणाला, पाळी दुसऱ्या खेळाडूची.

मी खुर्ची भिंतीकडे फिरवली.
खरंच फिरवली. मुलगा म्हणाला, काय करतेस?
भिंतीवर विजेचं बिल टाचलेलं.
करंगळी आपोआप हलली.

मग नियम मोडला.
त्याच्या बाजूचा नकाशा मी पहिल्यांदा पाहिला.
सुरुंग कुठेच नव्हता.
ड्रॅगन कोपऱ्यात, तोंड माझ्या किल्ल्याकडेसुद्धा नाही.
आणि त्याचे सगळे खणकरी, सातच्या सात,
तटाच्या आत, ऐन मधोमध,
जिथे खंदकाचा काही उपयोग नसतो तिथे
खंदकाचा एकच चौकोन खणत उभे.

अर्धा खणून झालाय.
थोडं निळं दिसतं.
हलत नाही.